साडेसहा ते दहा

डिंपलचं वजन महिन्याभरात तीनशे ग्रॅमनं उतरलं होतं. दामिनीनं पोरीला काट्यावरून खाली घेतलं, काटा शून्यावर आहे का पाहिलं आणि पुन्हा उभं केलं. आकडा तोच. दंडाला कुपोषण मोजायची फीत लावली, तर ती पिवळ्या पट्ट्यात आली, लाल पट्ट्याला जवळजवळ टेकून.

दामिनी बोरपाणीच्या आंगनवाडीत अकरा वर्षांपासून कार्यकर्ती होती. मोहगावच्या पुढं, मध्य प्रदेशातल्या सौसर तहसिलीतलं हे गाव. तिचं सासरही इथलंच. आदल्या दिवशी आंगनवाड्यांच्या बैठकीत पर्यवेक्षिकेनं तिला उभं करून विचारलं होतं, की तुमच्याच गावची पोरं का घसरून राहिली. चाळीस बायांसमोर ती खाली मान घालून उभी होती. तो राग अजून पोटात होता आणि समोर ही चार वर्षांची पोर. पोरीची बोटं नारिंगी झालेली. डाव्या मुठीत कुरकुरीत पोंग्यांचं अर्धं संपलेलं पाकीट.

दामिनीनं ते पाकीट हिसकलं आणि वजनासाठी आलेल्या सगळ्या बायांना दिसेल असं वर धरलं.

"हे खाऊ घालून राहिली का तू लेकराले? उर्वशी, सांगून सांगून माह्या तोंडाले फेस आला. एक भाकर थापाले हात दुखतेत का तुह्ये?"

डिंपल रडायला लागली. तिची आई भिंतीला टेकून उभी होती. उर्वशी बौद्ध मोहल्ल्यातली, तिशीच्या आतली. संत्र्याच्या तोडीला जायची. वजनाचा दिवस म्हणून तिनं त्या दिवशीची मजुरी बुडवली होती. ती पुढं आली, दामिनीच्या हातातून पाकीट काढून घेतलं आणि पोरीच्या हातात परत दिलं.

"कुठून घेतलं ते विचारा ना, मॅडम."

"कुठूनही घेतलं असन."

"कुठूनही नाही. तुमच्या घरून."

एक बाई हसली. मग तोंडाला पदर लावून आणखी दोघी. उर्वशीनं पोरीला कडेवर घेतलं आणि चपला घालून चालती झाली. सहायिका सुमनबाई खिचडीच्या पातेल्यापाशी बसली होती. तिनं मान वळवली नाही, पण तिच्या हातातला डाव थांबला होता.

दामिनीनं उरलेल्या पोरांची वजनं घेतली.  चूक आपली आहे हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण त्या क्षणी तिला उर्वशीचाच राग येत होता, चारचौघांत तोंडावर मारल्यासारखं बोलली म्हणून.

श्रीकांतचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, किराणा दुकान घराच्या समोरच्या खोलीत होतं. चौकटीवरून पाकिटांच्या माळा लोंबायच्या, इतक्या खाली की घरात शिरताना दामिनीला मान वाकवावी लागे. सहा वर्षं ती मान वाकवत होती. दुकान नवऱ्याचं, आंगनवाडी आपली, असं तिनं मनाशी वाटून टाकलं होतं. आंगनवाडीत ती भिंतीवरचं चित्र दाखवून बायांना सांगायची, की बाहेरचं पाकीट देऊ नका. आणि घरी येऊन त्याच माळांखालून आत जायची.

त्या दुपारी ती आत गेली नाही. गल्ल्यासमोर उभी राहिली.

"डिंपलले पोंगे कोण देते?"

"कोण डिंपल?"

"उर्वशीची."

"ते होय. येते रोज सकाळी, दहाची नोट घेऊन. पैसे देऊन नेते, मी काही बळजबरी नाही करत."

"चार वर्षाचं लेकरू आहे ते."

"मंग? गिऱ्हाइकाचं वय पाहून माल देऊ का मी?" श्रीकांतनं हातातला काटा खाली ठेवला. "मी नाही विकलं तं दुसरा विकन. मोहगावचा एक जण गाडी घेऊन येते, तो विकन. अन् मले ज्ञान देऊ नोको. तुह्या सरकारी पाकिटातलं पीठ बाया बकऱ्याईले घालतेत, माहीत आहे मले. माह्यावालं निदान लेकरं खातेत तं."

दामिनीनं हात वर केला, एक माळ धरली आणि ओढली. खिळ्यासकट निघाली. मग दुसरी, तिसरी. सगळ्या तिनं रस्त्यात फेकल्या. समोरच्या ओट्यावरची माणसं पाहत राहिली.  श्रीकांत बाहेर गेला, एकेक माळ उचलली, फडक्यानं धूळ पुसली आणि खिळे ठोकून परत टांगली. ते पुसणं पाहून तिचं डोकं आणखी फिरलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता ती उर्वशीच्या घरी गेली. समजवायलाच निघाली होती, पण पावलं भांडायला निघाल्यासारखी पडत होती. डिसेंबरची थंडी होती. उर्वशीची चूल पेटलेली होती. कोपऱ्यातल्या खाटेवर तिचा सासरा उत्तम बसला होता, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नवरा विनोद नागपूरला बांधकामावर, दिवाळीला येऊन गेलेला. डिंपल गोधडीत.

"बसाले टाइम नाही, मॅडम," उर्वशी पाण्याचा गुंड उतरवत म्हणाली. "बोलाचं असन तं बोला, माहे हात चालू राहतीन."

"मी काय म्हणते, सकाळी उठलीच असतेस तू. भातासोबत एक भाकर टाकली तं..."

"जवारी कुठची आणू?"

दामिनीनं घरातल्या डब्यांकडं पाहिलं.

"राशनात गहू भेटते, तांदूळ भेटते. जवारी कोण देते?" उर्वशीनं भाताचं भगोणं उतरवलं. तिचा आवाज वर गेला नाही, पण प्रत्येक शब्द ती मोजून टाकत होती. "माही सासू तुमच्या वावरात जवारी कापे. तुमचे सासरे, बापूजी, मजुरीत जवारीच देत. मी लग्न होऊन आली तव्हा या कोपऱ्यात कणगी होती, भरून. मंग बापूजीनं जवारी मोडली अन् संत्रा लावला. त्याईचं वावर, त्याईची मर्जी. आमाले नगदी भेटाले लागली. ते नगदी मी तुमच्याच दुकानात आणून देते. वावरही तुमचं, दुकानही तुमचं, वजनाचा काटाही तुमचाच. अन् लेकरू वाळलं तं दोष माहा?"

खाटेवर उत्तम खाकरला. "हळू बोल, बाई."

"काहून हळू बोलू? काल त्या हळू बोलल्या का?" उर्वशी भाताचा डबा बांधायला बसली. "साडेसहाले पिकअप येते. सौसर म्हणा, पांढुर्णा म्हणा, जिकडे तोड असन तिकडे नेते. तुमची आंगनवाडी उघडते दहाले. मधातले साडेतीन घंटे माही पोट्टी कोणापाशी राहते? मामंजीले दिसत नाही. भात ठेवून पाहिला मी. कुत्रं घुसून खाऊन गेलं. ऊन कराले गेली तं पोट्टी चुलीत पडन. म्हणून दीड वर्षापासून नोट ठेवते उशाखाली. पाकीट घेतलं की वट्यावर बसून खाते, चुलीकडे जात नाही. मले का आवडते का ते?"

 बाहेर कुठंतरी पिकअपचा हॉर्न वाजला, अजून दूर होता. उर्वशीचा राग दामिनीला आता येत नव्हता. पण राग गेलाही नव्हता. तो नुसता जागा शोधत होता.

"माह्या घरी पाठव तिले," ती म्हणाली. "साडेसहाले. दहा वाजता मी सोबत घेऊन जाईन."

उर्वशीनं पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. "कुठं बसवसान?"

"म्हणजे?"

"वसरीत, का आत?"

प्रश्न साधा होता आणि दोघींनाही त्याचा अर्थ माहीत होता. दामिनीच्या घरात उर्वशीच्या मोहल्ल्यातलं कोणी वसरीच्या पुढं आलेलं नव्हतं. संत्र्याची क्रेट उचलायला यायचे, तेही मागच्या सांदवाडीच्या दारानं.

"आत," दामिनी म्हणाली. "चुलीपाशी. माह्याजवळ."

"अन् काल सगळ्याईसमोर मले बोलल्या, ते?"

पिकअप मोहल्ल्याच्या तोंडाशी येऊन थांबला होता. मागं दहा-बारा बाया दाटीवाटीनं बसलेल्या, डोक्याला रुमाल, मांडीवर डबे. काल हसणाऱ्यांतल्या दोघी त्यातच होत्या. दामिनी उर्वशीबरोबर तिथपर्यंत चालत गेली. 

"काल मी उर्वशीले बोलली, ते माहं चुकलं," ती म्हणाली. "पाकीट माह्याच घरचं होतं. मले माहीत होतं."

 ड्रायव्हरनं हॉर्न दाबला. उर्वशी चाकावर पाय देऊन वर चढली.

"पीठ मी देईन," ती वरून म्हणाली. "उपकार नाही पाहिजे."

पहिले दोन दिवस डिंपलनं काही खाल्लं नाही. वरणभात कालवून घास तोंडाशी नेला, की ती ओठ घट्ट मिटायची. जबरदस्तीनं भरवला तर थुंकून टाकायची. पोळीचा तुकडा चघळून चघळून गालात ठेवायची. दुकानात पाकीट फाडल्याचा आवाज आला की मात्र मान तिकडं वळायची. दामिनीनं एकदा तिच्यावर ओरडून पाहिलं. पोर रडली नाही, नुसती आणखी आक्रसून बसली. त्यावर दामिनीला स्वतःचीच चीड आली.

तिसऱ्या दिवशी तिनं उत्तमला विचारलं.

"तिले कुरकुर पाहिजे," म्हातारा म्हणाला. "पाकिटाची आदत पडली. भाकरीचा पापुद्रा काढ, निखाऱ्यावर कडक कर, तेल-मीठ लाव. वाजलं की खाईन. आमच्या पोट्ट्याईले त्याईची आई असंच देत होती."

घरात जवारी नव्हती. दुकानात साठ-सत्तर तऱ्हेची पाकिटं होती, जवारी एक किलो नव्हती. "कोणी मागतच नाही तं ठेवू कायले?" श्रीकांत म्हणाला. बाजाराच्या दिवशी ती बसनं सौसरला गेली आणि जवारी आणली, दळून घेतली. उर्वशीनं पाठवलेल्या गव्हाच्या पिठाची पोळी घरच्यांना, जवारी पोरीला, असा हिशेब तिनं मनात लावला. मग भाकर थापायला बसली, तर भाकर थापता येईना. आठ-दहा वर्षांत हात विसरला होता. पहिली परातीतच चिरली, दुसरी तव्यावर टाकताना मोडली. तिसरीच्या वेळी तिनं पिठाचा गोळा भिंतीवर फेकून मारला. डिंपल कोपऱ्यात बसून मोठ्या डोळ्यांनी पाहत होती.

चौथी फुगली. दामिनीनं वरचा पापुद्रा सोडवला, निखाऱ्यावर धरला, तेलाचं बोट फिरवलं, मीठ भुरभुरवलं. डिंपलनं तो हातात घेतला, एक कोपरा मोडला. कडकन वाजला. तिनं तो खाल्ला. मग दुसरा कोपरा. दामिनी पाठ फिरवून चुलीत लाकूड सारत बसली, पोरीला बघितलेलं कळू नये म्हणून. पापुद्रा संपल्यावर उरलेली मऊ भाकर तिनं वरणात कुस्करली. अर्धी गेली.

पाचव्या दिवशी बापूजी आले. श्रीकांतचे वडील. तोडीचे दिवस म्हणून ते आठवडाभर वावरातल्या खोलीवर मुक्कामाला होते. आंघोळ करून ते स्वयंपाकघराच्या दारात आले आणि थबकले.

"हे कोणाची?"

"उर्वशीची."

बापूजींनी पोरीकडं पाहिलं, चुलीकडं पाहिलं, पाण्याच्या माठाकडं पाहिलं. "वसरीत बसव तिले. तिथं दे काय द्याचं ते."

"नाही बसवत."

"काय म्हणली?"

दामिनी उठून उभी राहिली. अकरा वर्षांच्या नोकरीत आणि सोळा वर्षांच्या संसारात ती सासऱ्यासमोर अशी उभी राहिली नव्हती. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो तिनं सावरला नाही.

"बापूजी, हे पोट्टी रोज आपल्या दुकानात येत होती. हातात दहाची नोट घेऊन. गल्ल्यावर कधी तुम्ही राहा, कधी हे. ते नोट तुम्ही हातानं घेत होते. धुऊन घेत होते का?"

बापूजींच्या जबड्याचं हाड हललं. त्यांनी दुकानाकडं तोंड करून हाक मारली. "श्रीकांत, बायकोले सांग."

श्रीकांत मधल्या दारात आला. त्याच्या हातात तराजूचं पारडं होतं. तो बापाकडं पाहून बायकोकडं पाहू लागला.

"मले मधात नोका टाकू," तो म्हणाला.

"मधातच आहे तुम्ही," दामिनी म्हणाली. "सांगा, कुठं बसवू?"

 तो परत दुकानात गेला. बापूजी म्हणाले, "मंग या चुलीचं मले नाही चालत," आणि तेही निघून गेले. डिंपलनं तोवर ताटलीतलं सगळं संपवलं होतं आणि ती बोटं चाटत बसली होती.

तीन दिवस बापूजींनी घरचं अन्न घेतलं नाही. गावात कोणाकडं जाऊन जेवले असते, तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून ते दुकानातलं खायचे. सकाळी टोस्ट आणि चहा, दुपारी शेव, संध्याकाळी बिस्किटाचा पुडा. बाकड्यावर बसायचे, एकेक पाकीट फोडायचे. मधुमेहाची गोळी सुरू असलेला सत्तरीचा माणूस. श्रीकांत विनवण्या करायचा. दोन्ही वेळा दामिनी ताट वाढून झाकून ठेवायची आणि नंतर उचलायची.

चौथ्या दिवशी सकाळी बापूजी बाकड्यावरून उठायला गेले आणि त्यांच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. खांब धरून ते पायरीवरच बसले. श्रीकांत धावत आत आला.

"बाप मरन माहा. तुह्या हट्टापायी."

"माह्या हट्टापायी?" दामिनीनं हातातली परात आपटली. "तीन दिवस तुमच्याच दुकानातलं खाऊन झालं त्याईचं. तीन दिवसात पडले. ते पोट्टी दीड वर्षापासून खाऊन राहिली होती. तिच्या घरून कोणी धावत आलं का तुमच्याकडे?"

 श्रीकांतनं बापाला पाणी दिलं, मोहगावच्या डॉक्टरला दाखवून आणलं. डॉक्टरनं गोळी वाढवली आणि जेवण काय करता असं विचारलं. बापूजींनी औषधाची चिठ्ठी खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी सात वाजता ते स्वयंपाकघरात आले. डिंपल चुलीशी बसली होती. बापूजींनी पाट ओढला, तिच्याकडं पाठ करून मांडला आणि भिंतीकडं तोंड करून बसले.

"दे भाकर."

दामिनीनं वाढली. त्यांनी तुकडा मोडला, बराच वेळ चावला.

"जवारी कुठची?"

"सौसरच्या बाजारातली."

"चव नाही. आपल्या वावराची अशी नोहोती."

"तुमीच मोडली ते," दामिनी म्हणाली.

 बापूजींनी दोन भाकरी खाल्ल्या आणि ते उठले. पाठ मात्र त्यांनी रोज तशीच ठेवली. दामिनीनंही त्याबद्दल त्यांना माफ केलं नाही.

पुढच्या वजनाला डिंपल चारशे ग्रॅमनं चढली. दंडाची फीत अजून पिवळ्यातच होती, पण लालपासून सरकली होती. उर्वशीनं आकडा पाहिला, "बरं," म्हणाली आणि पोरीला घेऊन गेली. तिच्या मागं उभ्या असलेल्या बाईनं विचारलं, "मॅडम, माहाही पोट्टा पाठवू का सकाळी? पीठ मी देईन, उर्वशी देते तसं." तिच्याही मागून एकीनं विचारलं. आंगनवाडी सातला उघडता येईल का, असं दामिनीनं वर विचारून पाहिलं होतं. वेळ बदलता येत नाही, असं तिला सांगितलं होतं. ती दोघींना हो म्हणाली.

स्वयंपाकघरात तीन पोरं आणि पाठ करून बसलेले बापूजी मावत नव्हते. तिसऱ्या सकाळी तिनं चटई उचलली आणि दुकानात नेऊन गल्ल्यासमोर अंथरली. पोरांना ओळीनं बसवलं, ताटल्या मांडल्या. श्रीकांत नुकतं शटर वर करत होता.

"इथं? गिऱ्हाइकाचा टाइम आहे हा."

"दोन पोतडे हटवा, जागा होते."

"लोकं काय म्हणतीन?"

"तुमी सांगा त्याईले, काय म्हणाचं ते."

ती भाकरी आणायला आत गेली. श्रीकांत शटरचा दांडा हातात धरून उभा राहिला. त्याला चढलेला राग कानापर्यंत दिसत होता. समोरून गुणवंता आला, बापूजींच्या जोडीचा शेतकरी, रोज सकाळी तंबाखूची पुडी नेणारा. त्यानं पायरीवर पाय ठेवला आणि खाली बसलेली पोरं पाहून तो तिथंच थांबला. कोणाची कोण, हे त्याला न सांगता कळलं.

"हे काय गा, श्रीकांत?"

श्रीकांतनं आत पाहिलं. दामिनी टोपलं घेऊन दारात उभी होती आणि त्याच्या तोंडाकडं बघत होती. डिंपलच्या दाताखाली पापुद्रा वाजत होता.

"दिसत नाही का," तो चिडून म्हणाला. "लेकरं जेवून राहिले. बाहेर थांब."